वेन्डलमामाची पाटी

१४ जानेवारी, मंगळवार

आजपासून डायरी. वॉशबर्न मॅडमनी लिहायला सांगितलंय, पण त्याला मार्क नाहीत, म्हणजे वर्गातलं कोणी लिहिणार नाही. मी लिहिणार. आज डोक्यात काहीतरी सुरू झालंय आणि ते कुठेतरी ओतायला हवं.

मॅडम वर्गात आल्या त्या बटाट्याच्या वेफर्सचं रिकामं पाकीट घेऊन. फळ्यावर चिकटवलं आणि म्हणाल्या, "वाचा." आम्ही नाव वाचलं. "एवढंच?" मग किंमत वाचली, मीठ किती ते वाचलं. "अजून?" पाकिटावर लाल रंगाचा गोठा होता, मागे डोंगर, सूर्य वगैरे. मॅडम म्हणाल्या, "हा गोठा कोणासाठी काढलाय? ज्याच्या घरी खरा गोठा आहे त्याच्यासाठी तर नक्कीच नाही."

आमच्याकडे गोठा आहे. त्याचं छप्पर गळतं आणि रंग कुठलाच उरलेला नाही. मी आयुष्यभर असली पाकिटं फोडून खाल्ली आणि मला एकदाही वाटलं नाही की हे चित्र खोटं बोलतंय!

फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कोण बोलतंय? कोणाशी? त्याला काय हवंय? आणि काय सांगायचं टाळतंय? पूर्ण सेमिस्टर एवढंच करायचंय. कुठलीही गोष्ट घ्यायची, वाचायची, तिच्यावर लिहायचं. घरी येईपर्यंत मी रस्त्यावरचे सगळे बोर्ड वाचत आले. एक वळण चुकलं.

२३ जानेवारी, गुरुवार

घरात सगळे माझ्यावर वैतागलेत. सकाळी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचं हसरं कुटुंब बाबांना समजावून सांगत होते, तर म्हणाले, "डेलेनी, हे खायचे असतात. त्यांची उलटतपासणी घ्यायची नसते." आईला म्हटलं, तू शेजारणीला 'किती गोड आहेस गं' म्हणतेस तेव्हा त्यात सत्ता असते. आई म्हणाली, "भांडी घासलीस की माझी सत्ता बघ कशी संपते."

हसले मी. पण दुपारी शाम्पूच्या जाहिरातीवरचा निबंध परत मिळाला. सी ग्रेड. खाली एकच ओळ: "नजर चांगली आहे. पण मग काय?"

मग काय म्हणजे काय? मी सगळं लिहिलं होतं, रंग, केस, पाणी, सगळं. गाडीत बसून रडले. आमच्या दोन्हीकडच्या घरांतली कॉलेजात गेलेली मी पहिली. आजीने चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी फार हुशार आहे. त्या सगळ्यांना हा सी दाखवला पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

विषय मिळाला! आमच्या चर्चची पाटी!

म्हणजे रस्त्याच्या कडेची, जिच्यावर अक्षरं सरकवून दर आठवड्याला नवीन ओळ लावतात ती. लहानपणापासून बघतेय, पण वाचली कधीच नाही. ती लावायचं काम वेन्डलमामाकडे, आईच्या भावाकडे. शनिवारी सकाळी तो लांब काठी घेऊन येतो, काठीच्या टोकाला रबरी वाटी, तिने एकेक अक्षर वर चढवतो. इंग्रजी 'ई' कमी पडले की तीनचा आकडा उलटा करून लावतो.

आज मी गेले तेव्हा ओळ अर्धी झाली होती.

"मामा, मी तुझ्या पाटीवर निबंध लिहिणार आहे. कॉलेजचा."

तो काठी धरून बघतच राहिला. "ह्या पाटीवर?"

"हो. या ओळी तू स्वतः बनवतोस ना?"

"पूर्वी पास्टर एका पुस्तकातून द्यायचे. आता गेलं वर्ष-दीड वर्ष मीच करतो." मग लाजून म्हणाला, "कॉलेजात वाचणार हे? अगं मग नीट सरळ तरी लावायला हवं," आणि एक वाकडं अक्षर पुन्हा काढून बसवलं.

आजची ओळ: "चिखलाचे बूट चालतील. आत ये."

चर्चच्या फेसबुक पानावर जुन्या सगळ्या पाट्यांचे फोटो आहेत. घरी येऊन बघत बसले. नोव्हेंबर: "बर्फ पडलाय. वळणावर हळू." डिसेंबर: "एक ताट जास्तीचं मांडलंय." जानेवारी: "मला उशीर झाला. तू करू नकोस."

ही शेवटची वाचून अंगावर काटा आला. किती भीती घालतात लोकांना! मेलात की नरकात जाल, लवकर या, हेच ना?

मामाला विचारलं होतं की एवढं कशाला करतोस, थंडीत, या वयात. तर म्हणाला, "शनिवार रिकामा जातो गं." खरंय. रुथमामी गेल्यापासून तो एकटाच आहे. ब्रेंट, माझा मामेभाऊ, त्याच्याशी बोलत नाही. मामीच्या दुखण्यात मामा म्हणत राहिला की प्रार्थना करू, बरी होईल, आणि हॉस्पिटलात नेलं तेव्हा फार पुढे गेलं होतं. मामीच्या मातीनंतरच्या जेवणाला ब्रेंट सगळ्यांसमोर ओरडला, "तुम्ही उशीर केलात!" आणि हातातली प्लेट टेबलावर ठेवून निघून गेला. तेव्हापासून ना घरी पाय ठेवला ना चर्चमध्ये. आई म्हणते मामाने फोन केले, दारातही जाऊन आला, ब्रेंटने दार उघडलं नाही. खाणीतल्या दगडाचा ट्रक चालवतो तो. रोज चर्चवरूनच जातो, आणि वळून बघत नाही म्हणे.

असो. निबंध! पहिलं वाक्य सुचलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज वर्गात एकमेकांचे कच्चे निबंध वाचायचे होते. माझी जोडी मारिसोलबरोबर. ती टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी करते आणि वर्गात जांभया देते. मला वाटलं होतं पटकन वाचून 'छान' म्हणेल.

माझा मुद्दा असा: पाटी ही चर्चची पहारेकरी आहे. ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला आधी अपराधी ठरवते आणि मग माफीची लालूच दाखवते. 'वळणावर हळू' म्हणजे माणसाच्या हालचालींवर ताबा. 'जास्तीचं ताट' म्हणजे भुकेचा वापर. आणि 'मला उशीर झाला' यातला 'मी' हा खोटा, बनवलेला माणूस, घाबरवण्यासाठी उभा केलेला.

मारिसोलने सगळं वाचलं. पेन्सिलीने काहीच लिहिलं नाही.

"हे लावणारा माणूस तुझा मामा ना?"

"हो."

"मग त्याला विचारलंस का, हे असं का लिहितोस?"

मी समजावलं की लेखकाला काय म्हणायचं होतं ते महत्त्वाचं नसतं, मजकूर काय करतो ते महत्त्वाचं. मॅडमनीच सांगितलंय. (मॅडम म्हणाल्या होत्या की लेखकाचा शब्द शेवटचा नसतो. साधारण तेच.)

"बरं," ती म्हणाली. "पण बाई, गाडी हळू चालव असं माझी आई मला रोज सांगते. ती काही माझ्यावर ताबा मिळवायला नाही सांगत."

"हे वेगळं आहे."

"असेल. पण इतका राग कशाचा आलाय तुला? पाटीचा की सी मिळाल्याचा?"

मी तिच्या निबंधावर लाल पेनने अकरा शेरे मारले. नंतर वाईट वाटलं.

६ मार्च, गुरुवार

ए!!!

मॅडमनी वर्गात एक परिच्छेद मोठ्याने वाचला. म्हणाल्या की आता तू फक्त बघत नाहीस, वाद घालतेस. कॉलेजच्या मासिकात छापायचं विचारलं. मी हो म्हणाले, त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी.

समासात पेन्सिलीने एक शेरा आहे: "ही पाटी नेमकी कोणाशी बोलते, यावर अजून विचार कर." आता ए मिळालाय म्हटल्यावर कशाला?

आईने वाचायला मागितला. म्हटलं, छापून आला की देते.

३० मार्च, रविवार

मासिक आलं. माझं नाव पहिल्या पानावर आहे. एक प्रत पलंगाखाली ठेवलीय, आईला सांगितलं की छपाई लांबली.

निबंधात चर्चचं नाव नाहीये. पण त्या वळणावर दुसरं कुठलं चर्च आहे?

मामा आज प्रार्थनेनंतर भेटला. "काय म्हणतो आपला निबंध?" आपला म्हणाला. मी म्हटलं चांगले मार्क पडले. त्याने मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून सांगितलं, "माझ्या पाटीवर पोरीला ए मिळाला." त्यांनी माझ्याशी हात मिळवले. माझा हात घामाने ओला होता.

६ एप्रिल, रविवार

लिहू की नको असं झालंय. लिहिते.

आज प्रार्थनेनंतर खाली हॉलमध्ये सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं होतं, आणि त्यानंतर कमिटीची बैठक. विषय: नवीन इलेक्ट्रिक पाटी घ्यायची का. स्टकीकाकू दोन वर्षं मागे लागल्यात त्याच्या. दर वेळी कोणीतरी म्हणतं की वेन्डल करतोय ना, चाललंय की.

आज स्टकीकाकूंनी चष्मा लावला आणि पर्समधून मासिक काढलं. त्या लायब्ररीत काम करतात. हे मला माहीत होतं, मला हे नेहमीच माहीत होतं.

"हे मी म्हणत नाही हं," काकू म्हणाल्या, "आपल्याच डेलेनीने लिहिलंय. तरुण पिढीला आपली पाटी कशी दिसते ते ऐका." आणि वाचलं. पहारेकरी. अपराधी. लालूच. 'खोटा, बनवलेला माणूस.' काकूंचा आवाज छान आहे, ख्रिसमसच्या नाटकात त्याच निवेदन करतात.

मी मामाकडे बघितलं नाही. माझ्या प्लेटमध्ये बटाट्याच्या लगद्यावर नूडल्स होत्या, त्या मोजून मोजून खात होते.

पास्टर म्हणाले, "वेन्डल, तुला काही म्हणायचंय?"

मामा उभा राहिला. टोपी हातात. "मला काय म्हणायचं असणार. पोरगी शिकलेली आहे. तिला दिसलं ते मला नाही दिसलं. वाचून कोणी घाबरत असेल तर कशाला ठेवायची? काढा. माझं मत हो."

सगळ्यांनी हात वर केले. आईने केला नाही. ती माझ्याकडे बघत होती. आई चिडली की बोलते. आज बोलली नाही.

मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा. तोंडात घास होता असं मी स्वतःला सांगतेय. जाताना मामाने माझ्या खांद्यावर थोपटलं. एका आजींनी अभिनंदन केलं, तर मी थँक्यू म्हणाले. थँक्यू!

मॅडमना सांगितलं तर खूश होतील का? माझ्या लिहिण्याने खरंच काहीतरी बदललं. मग माझे कान का तापलेत?

१२ एप्रिल, शनिवार

पाटी कोरी आहे. नवीन मे महिन्यात येणार. आज त्या रस्त्याने न जाता लांबून गेले.

१५ एप्रिल, मंगळवार

पेट्रोल भरत होते. मागून हाक आली, "ए प्रोफेसर!"

ब्रेंट. भुवया दगडाच्या धुळीने पांढऱ्या, एकदम मामासारखा दिसला. कधीतरी असा भेटतो, दोन शब्द बोलतो, मामाचं नाव निघत नाही. आज म्हणाला, "चर्चच्या पाटीला काय झालंय?"

"का रे?"

"काही नाही. दिवसातून चार खेपा मारतो तिथून. कोरी दिसली." ट्रकच्या चाकाला बूट आपटत होता. "म्हाताऱ्याला बरं नाहीये का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकदम सगळं कळलं, आणि पंप हातातच राहिला, पेट्रोल बुटावर सांडलं.

"तू वाचायचास ती पाटी?"

"ट्रक चालवताना दुसरं काय वाचणार?" खांदे उडवले. "जानेवारीत एक ओळ होती. उशिराची. त्या दिवशी त्याच्यापुढे बराच वेळ गाडी उभी केली होती. इंजिन तापलं होतं."

जानेवारीत. उणे तापमानात. इंजिन तापलं होतं.

"मामा बरा आहे," मी म्हटलं. "नवीन पाटी येणारे. इलेक्ट्रिक."

"जुनीने काय घोडं मारलं होतं?"

"कमिटीने ठरवलं."

कमिटीने ठरवलं! हे माझं उत्तर! तो हं म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला.

पहारेकरी म्हणे. अनोळखी माणूस म्हणे. वळणावर हळू, कारण त्याचा मुलगा दगड भरलेला ट्रक घेऊन तिथून जातो. चिखलाचे बूट, कारण त्याचे बूट कायम चिखलाचे असतात. फोन उचलत नाही, दार उघडत नाही, पण रस्त्यावरून तर जातो, म्हणून मामाने रस्त्यावर लिहिलं. आणि मी सगळ्या गावासमोर ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं. आणि त्या खोट्या, बनवलेल्या माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी कॅटलॉगमधले सायकलचे फोटो बघायचे.

जेवले नाही आज.

१६ एप्रिल, बुधवार

मामाकडे गेले. गॅरेजमध्ये होता. कॉफीच्या रिकाम्या डब्यांमध्ये पाटीची अक्षरं लावून ठेवत होता, ए एका डब्यात, बी एका डब्यात. पलीकडच्या गावातल्या चर्चला देणार म्हणे.

"निबंध वाचला मी," तो म्हणाला. "स्टकीबाईंकडून घेतला. दोनदा वाचला. एक शब्द शोधावा लागला डिक्शनरीत. चांगलं लिहितेस गं."

"मामा, नको ना."

"का? मी खोटं कशाला बोलू?"

"मी चुकीचं लिहिलं. तू कोणाशी बोलतोयस ते मला कळलंच नाही."

"रस्त्याशी." डब्यांकडेच बघत होता.

"मामा, तो वाचायचा. रोज."

त्याचा हात थांबला. मग त्याने हातातलं अक्षर एका डब्यात टाकलं, भलत्याच.

"तुला सांगितलं त्याने?"

"पाटी कोरी दिसली म्हणून विचारत होता, तुला बरं नाहीये का."

मामा उलट्या बादलीवर बसला. "माझी तब्येत विचारली?"

"हो."

माझ्याकडे रुमाल नव्हता, त्याच्याकडेही नव्हता. मग त्याने विचारलं, "पाटी का काढली ते सांगितलंस का त्याला?"

"नाही. घाबरले."

"मग नको सांगूस." मान हलवली. "फार तापट आहे. तुझ्यावर चिडेल. तुम्हा दोघांचं तरी चांगलं राहू दे."

त्याने मला ओरडायला हवं होतं. डबा फेकायला हवा होता. मी गॅरेजच्या दारापर्यंत नीट चालत गेले आणि गाडीत बसून तोंडावर स्कार्फ दाबून धरला.

१७ एप्रिल, गुरुवार

मॅडमना भेटून सगळं सांगितलं. निबंध परत घ्यायचा म्हटलं. म्हणाल्या, छापलेलं परत घेता येत नाही, पण त्याच्याविरुद्ध लिहिता येतं. मी म्हटलं, लिहून काय होणार? तो मासिक वाचत नाही. "मग जो जे वाचतो, ऐकतो, तिथे जा," मॅडम म्हणाल्या. मग हळूच, "मीही तो ए देताना घाई केली."

त्यांनी मला हे म्हणायला नको होतं. आता दोष वाटून घ्यायला माणूस मिळाला, आणि मला तसला माणूस नकोय.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी ब्रेंटकडे गेले. तो पायऱ्यांवर बसून बुटांना तेल लावत होता. मी बसलेसुद्धा नाही.

"पाटी माझ्यामुळे काढली."

त्याने वर बघितलं. मी सांगत गेले, निबंध, मासिक, कमिटी, मत. मामाने स्वतः हात वर केला तेही सांगितलं.

"आणलायस?"

"काय?"

"निबंध. वाच."

"ब्रेंट, प्लीज."

"वर्गात वाचला, हॉलमध्ये वाचला. मला नको का?"

वाचला. उन्हात उभं राहून, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून. कागदावर जी वाक्यं मला हुशार वाटत होती ती तोंडातून निघताना खडे चावल्यासारखी वाटली. 'तथाकथित आमंत्रण.' 'भुकेचा वापर.' जास्तीच्या ताटापाशी माझा आवाज गेला. तो म्हणाला, "पुढे." मी पुढे वाचलं.

"संपलं?"

"हो."

"आणि ह्याला ए."

"हो."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. बुटाला तेल चोळत राहिला. "मीपण ती उशिराची ओळ पहिल्यांदा अशीच वाचली होती," म्हणाला. "मला वाटलं म्हातारा सगळ्या गावासमोर टोमणे मारतोय. शिव्या घालत गेलो त्या दिवशी. चौथ्या खेपेला कळलं."

"त्याने हात वर केला तेव्हा तू तिथे होतीस?"

"हो."

"काय करत होतीस?"

"नूडल्स खात होते."

"व्वा," तो म्हणाला. "व्वा, डेलेनी."

मला वाटलं आता जा म्हणेल. नाही म्हणाला. एक बूट झाला, दुसरा घेतला.

"मग शनिवारी आता काय करतो तो?"

"गॅरेजमध्ये बसतो. अक्षरं डब्यांत लावतो. परत काढतो, परत लावतो."

ब्रेंटने रस्त्याकडे बघितलं. तिथून मामाचं घर दिसत नाही, दहा मिनिटं लागतात गाडीने. बघत राहिला मात्र तिकडेच. मग "आज नको," म्हणाला. मी त्याला काहीच विचारलं नव्हतं. बूट उचलले आणि आत गेला. दार लोटलं, लावलं नाही. की वाऱ्याने उघडं राहिलं, माहीत नाही.

गाडीत बसले तर डोकं लगेच कामाला लागलं. आज नको म्हणजे काय, कोणाला म्हणाला, काय सांगायचं टाळलं. मी रेडिओ मोठा केला. मग बंद केला.

उद्या ईस्टर. मामा आमच्याकडे जेवायला आहे. त्याला बाजूला घेऊन सांगणार आहे की तू नको म्हणाला होतास तरी मी ब्रेंटला सगळं सांगितलं, आणि तो चिडलाय. मग ब्रेंट जे म्हणाला ते सांगणार, त्याने ज्या क्रमाने म्हटलं त्याच क्रमाने, आज नकोपर्यंत. मामाने विचारलं की म्हणजे काय गं, तर म्हणणार, मला माहीत नाही मामा, तूच वाच.